कवळी पडायच्या आधीचं हसू

कॉमेडी क्लबमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच जात होतो. निदान मी तरी. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर नवरा माझा हात धरून म्हणाला, "तिथं नको गं, हा कॉमेडियन चेष्टेला पुढच्यांनाच धरतो." मी निमूट मागं बसले. पण याला कसं माहीत?

स्टेजवरचा कॉमेडियन वडिलांच्या नव्या कवळीचा किस्सा रंगवत होता. पंगतीत, विहिणीसमोर, वडिलांनी लाडू उचलला. कवळी अजून तोंडातच होती आणि आमचा नवरा हसायला लागला. लोक हसले ते नंतर, कवळी ताटात पडल्यावर.

रडू खोटं आणता येतं. हसू मात्र जरा लवकर आलं, की माणूस सापडतो. आणि विनोद दुसऱ्यांदा ऐकणारा स्टेजकडे बघत नाही. शेजारचं माणूस आता कसं हसेल, हे बघत बसतो.

नवरा माझ्याकडे बघत होता. अगदी कौतुकानं.

"आवडलं ना?"

"खूप," मी डोळे पुसत म्हटलं. हसू खरंच आवरत नव्हतं. फक्त, ही कवळी पहिल्यांदा पडली, तेव्हा त्याच्या शेजारी कोण हसत होतं?