मातीसकट तोललेलं चाक

माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांचं बॅलन्सिंग मी घरच्या घरी केलं, आणि ते चाकांना चिकटलेल्या चिखलासकट केलं.

एवढं सांगितल्यावर खरं म्हणजे पुढं काही उरत नाही. पण त्या गाडीत मागच्या सीटवर माझ्या सासूबाई होत्या आणि त्यांच्या डोळ्यात ताजे टाके होते. म्हणून पुढचंही सांगणं भाग आहे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला होता. मी नांदेडला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. एका वकिलाकडून त्याची म्हातारी गाडी घेतली होती. गाडी धुणं तेव्हा पापच होतं. कुणाची गाडी चकचकीत दिसली की लोक विचारायचे, ‘‘बोअर कुठं मारला, साहेब?’’ त्यामुळे मळकी गाडी मी जरा मिरवतच फिरवायचो.

साऱ्या गल्लीत चिखल एकाच जागी होता, टँकरच्या तोटीखाली. एकदा डिकीत घागरी घालून मी थेट तिथंच गाडी नेली, आणि रुतलो. चाकं गरागरा फिरली, काळी माती उडाली, चारजणांनी ढकलून काढलं. त्याच आठवड्यात गाडीला कापरं भरलं. काटा चाळीसच्या पुढं गेला की स्टिअरिंग हिवताप आल्यासारखं थडथडायचं. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे पदार्थविज्ञानाच्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

त्यातच सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं. सासूबाई लातूरच्या. सासरे गेल्यावर मोंढ्यातली अडत त्यांनीच चालवली. शेतकऱ्याच्या भुईमुगात ढेकळं दिसली की आधी चाळायला लावायचं, मगच माल काट्यावर. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून त्या भाव सांगायच्या, आणि मग तो भाव कुणी पाडत नसे. अशी बाई डोळ्यावर पत्र्याची झाकणी बांधून आमच्या बाजेवर उताणी पडली होती. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, त्याला नुसत्या सावल्या दिसायच्या. म्हणून त्या सगळं कानानं पाहत होत्या. मुख्य म्हणजे पाणी ऐकत होत्या.

‘‘जावईबापूंनी अंघोळ केली का गं?’’

‘‘केली की, आई.’’

‘‘दोन तांब्यांत? माझ्या पायी तुम्ही पारोसे राहायलात. मला माझ्या घरी नेऊन घाला.’’

रोज हेच. शेवटी मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ‘‘एसटीनं अजिबात नाही. डोळ्याला हादरा बसला, टाका सुटला, तर डोळा गेला समजा. तुमची गाडी कशी आहे?’’

‘‘लोण्यासारखी चालते,’’ मी म्हणालो.

बायको शेजारीच उभी होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, ‘‘ते लोणी कुठल्या म्हशीचं?’’

मला तोंडघशी पडायचं नव्हतं. असंतुलित चाक म्हणजे काय, हे मी वर्गात फळ्यावर काढून शिकवत असे. मग मेकॅनिककडे कशाला जायचं? अंगणात गाडीची पुढची बाजू जॅकवर चढवली. चाक हातानं हलकेच फिरवायचं आणि आपोआप थांबू द्यायचं. जड बाजू खाली येऊन थांबते. त्याच्या बरोबर समोर, वरच्या बाजूला, वजन बांधायचं. वजनाचाही प्रश्न सुटला होता. गोदावरी आटल्यामुळं कोळ्यांची जाळी घाटावर वाळत पडली होती. जाळ्यांच्या कडेला असतात ते शिशाचे मणी मी मागून आणले, तारेत ओवले आणि रिमच्या भोकांतून बांधत गेलो. रिमच्या आतल्या अंगाला भाकरीएवढा थर होता, तो मला दिसलाही. वाळून दगड झालेला थर. तो भिजवायला पाणी कुठून आणू? आणि इतका घट्ट बसलाय म्हणजे तो चाकाचाच भाग, असं मी ठरवून टाकलं.

‘‘काय वाजायलंय हो जावईबापू?’’ बाजेवरून प्रश्न आला.

‘‘चाकांचा तोल करतोय, मामी. तुमच्या काट्यासारखं.’’

‘‘करा, करा. काट्याचं काम सबुरीनं करावं.’’

सबुरीनंच केलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही चाकं अशी झाली की जिथं सोडाल तिथं थांबणार. मी आनंदानं बायकोला हाक मारली. ती कणकेचे हात घेऊन आली, चाकाकडे पाहत राहिली.

‘‘काय बघायचं?’’

‘‘हेच. चाक हलत नाही.’’

‘‘न हलणारं चाक बघायला बोलावलंत?’’ म्हणाली आणि आत गेली.

निघालो. सासूबाई मागं उशांच्या राशीत, डोकं बायकोच्या मांडीवर. लोहा गेलं, गाडी सरळ सुतात. काटा चाळीसच्या पुढं नेला, पन्नासला टेकवला. स्टिअरिंग शांत. मी आरशातून बायकोकडे विजयी नजर टाकली. तिनं नुसतं ‘‘पुढं बघा,’’ म्हटलं. सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘‘गाडी लई गुणाची हाय.’’ त्यावर मी बॅलन्सिंगचं शास्त्र समजावायला घेतलं. माळाकोळी मागं पडेपर्यंत ते चाललं होतं.

मग खालून ‘धप्प’ असा आवाज आला. वाटलं, दगड उडाला.

पुढच्याच क्षणी स्टिअरिंग माझ्या हातातून सुटायला बघू लागलं. पूर्वीचं कापरं म्हणजे याच्यापुढं अंगाई होती. डॅशबोर्डवरची उदबत्तीची पुडी खाली पडली. मी पाय उचलला.

‘‘का थरथरायलीय?’’ मागून आवाज.

‘‘रस्ता खराब आहे, मामी.’’

‘‘रस्ता तर मघापासून हाच हाय. आमचा जिल्हा लागला का?’’

‘‘अजून नाही.’’

‘‘मग तुमचाच हाय. तरीच.’’

गाडी हळू चालवली की थरथर कमी व्हायची, पण मग वारा लागेना. ऊन पत्र्यातून ओतत होतं. डोळ्याजवळ घाम जाऊ द्यायचा नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको एका हातानं आईचं कपाळ टिपत होती, दुसऱ्या हातानं पदरानं वारा घालत होती, आणि दोन्हींतून वेळ काढून आरशातून माझ्याकडे बघत होती. जोरात जावं तर हादरे, हळू जावं तर घाम. दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन लटकवलेला एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला ओलांडून गेला.

‘‘डोळ्यात टोचायलंय गं,’’ सासूबाई हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांचं ‘डोळा गेला समजा’ कानात वाजू लागलं. ही बाई धान्याचा दाणा बोटांत धरून भाव सांगायची. आता तिला दाणा दिसणार नाही, आणि तोही माझ्या लोण्यापायी.

आसपास झाड नव्हतं. नव्या जिल्ह्याच्या स्वागताचा कोरा करकरीत बोर्ड तेवढा होता. त्याच्या सावलीत गाडी घातली आणि मी खाली आडवा झालो.

डाव्या चाकाच्या रिमला आतून एक लख्ख, गोल, रिकामी जागा होती. चिखलाची अख्खी भाकरी पडून गेली होती. आणि तिच्या बरोबर समोर माझे शिशाचे मणी, मन लावून बांधलेले. मी चाकाचा तोल केलाच नव्हता, चिखलाचा केला होता. उजवीकडची भाकरी अजून चिकटून होती, पण तिलाही तडे गेले होते. कधी पडेल नेम नाही.

मी स्क्रूड्रायव्हर लावून वर हातोडी मारली.

‘‘अहो, ठोकू नका!’’ बायको ओरडली. ‘‘आईचं डोकं हलायलंय!’’

मग उताणं पडून, श्वास रोखून, ती माती टोकरत बसलो. मोठं ढेकूळ सुटलं की आधी नाकावर पडायचं, मग शर्टात जायचं. ठसका आला तर गाडी हलेल म्हणून ठसकाही गिळला. पकडीनं तारा तोडल्या. मणी खिशात टाकले. उठलो तेव्हा अंगावर टँकरखालचा सगळा चिखल होता, कोरडा.

‘‘आता?’’ बायकोनं विचारलं.

‘‘आता बघू.’’

पहिल्यांदाच मी खरं बोललो.

गाडी निघाली. काटा चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. स्टिअरिंगवर तांब्या ठेवला असता तर हिंदकळला नसता. चाकं पहिल्यापासून धडधाकट होती. पण त्याचा आनंद कसला घेता? मागं सासूबाई लिंग मुठीत धरून पडल्या होत्या. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, मूठ काही सुटली नाही.

घरी न जाता सरळ लातूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सासूबाईंना टेबलावर झोपवलं आणि झाकणी सोडली. मी भिंतीला टेकलो. भिंत पांढरी होती, मी सरकलो तेव्हा तिच्यावर माझी काळी पाठ उमटली. डॉक्टर बॅटरी मारून वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. बायकोनं माझं मनगट इतकं दाबलं की नखं रुतली.

‘‘टाके जागेवर आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘पापणीचा एक केस आत वळलाय. तोच टोचत होता.’’

चिमट्यानं केस निघाला. बायको मटकन स्टुलावर बसली. मी कुठं बसावं ते सुचेना, कारण बसलो असतो तिथं चिखल झाला असता.

‘‘दिसतंय का, आजी?’’

सासूबाईंनी उघड्या डोळ्यानं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग माझ्याकडे. डोक्यापासून चपलांपर्यंत.

‘‘धुरकट दिसतंय. पण ह्यांना काय झालं? ही माती कुठली?’’

मी काही बोलायच्या आत बायकोनं सगळं सांगून टाकलं. टँकर, चिखल, शिशाचे मणी, न हलणारं चाक, सगळं. डॉक्टर हात धुता धुता थांबून ऐकत होते. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘‘जावईबापू,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मातीसकट माल काट्यावर चढवणारा हमालसुद्धा आमच्या अडतीवर दुसऱ्या दिवशी दिसत न्हाई. तुम्हाला तर आम्ही पोरगी दिली.’’