चकचकीत अंडी

रिहे गावच्या बौद्धवस्तीतला जयवंत ओव्हाळ एम.एस्सी. होऊन पुण्याच्या एका लस कंपनीत लागला, तेव्हा वस्तीला एवढंच कळलं की पोरगा बाटल्यांत काहीतरी वाढवतो. ते खोटं नव्हतं. कोंबडीच्या गर्भाच्या पेशी काचेच्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात वाढवायच्या आणि त्यांच्यावर लस तयार करायची, हे त्याचं काम. १९८१ साली या कामाचा वेगळा विभाग निघाला. पहिली बॅच नीट उतरली की मॅनेजरची खुर्ची जयवंतची, असं त्याचे वरिष्ठ सबनीस साहेब सगळ्यांदेखत बोलून बसले.

नेमकी तेव्हाच कंपनीच्या पोल्ट्रीत मानमोडीची साथ आली, कोंबड्या मेल्या, अंडी बंद झाली. जयवंत एसटीने घरी गेला.

"आये, चारशे अंडी पायजेत. ताजी, कोंबडा असल्याल्या घरची. ल्हान पोरांच्या औशिदाला जायाचीत."

सगुणाबाई खुरपं धरून तशीच उभी राहिली. "आपल्या वस्तीतली चालत्यात?"

"न चालायला काय झालं?"

"न्हाई, इचारलं आपलं."

वरच्या आळीत तिच्या हातचं पाणी अजून चालत नव्हतं.

आठवड्याने तुसात रचलेल्या अंड्यांच्या पाट्या आल्या. इतकी चकचकीत अंडी प्रयोगशाळेत कुणी पाहिली नव्हती.

"वा! कुणाची हो ही?" सबनीसांनी विचारलं.

"ओळखीच्या एका बाईंची," जयवंत म्हणाला. शंका यायला हवी होती ती त्याच क्षणी. पण तो कौतुक ऐकण्यात गुंतला होता.

अंडी उबवली, पेशी बाटल्यांत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी गुलाबी पाणी पिवळं, गढूळ झालं. सगळ्या बाटल्यांत जंतू. जयवंतने पुन्हा रिहे गाठलं.

"आये, अंडी धुतली व्हती?"

"मंग! राखंनं घासून तीन पान्यातनं काढली. समद्या बाया वढ्यावर बसलेलो. उद्या कुनी नाक मुरडाया नगं."

कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो गेला की जंतूंना वाट मोकळी, हे त्याला शिकवलेलं होतं. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. आताही राहिलंच.

अहवालात त्याने कारण लिहिलं: अंडी जास्त स्वच्छ केल्यामुळे.

सबनीस हसले. "अहो ओव्हाळ, मुंबईचे साहेब वेड्यात काढतील आपल्याला. 'पुरवठादाराची अस्वच्छता' लिहा. पोल्ट्री सुरू होतेय, दुसरी बॅच तुम्हीच घ्या. खुर्ची कुठं जात नाही."

जयवंतने पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग एक ओळ खोडली, दुसरी लिहिली आणि खाली सही केली.

दिवाळीत तो मॅनेजर होऊन घरी आला. सगुणाबाईने वस्तीभर साखर वाटली. "आमच्या अंड्यांवर सायेब झाला," ती दारोदार सांगत होती.

जयवंत तिच्यामागे साखरेचं ताट धरून चालत होता. त्याने तिला एकदाही अडवलं नाही.