एक हात पदराला

"आईच्या हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद आहे," अँजिओग्राफीनंतर डॉक्टर म्हणाले. अँजिओग्राफी म्हणजे नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे. मी कसंबसं विचारलं, "पण मागच्याच महिन्यात टीएमटी नॉर्मल होती ना?"

टीएमटी म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी. आईला जिना चढताना दम लागायचा, जबडा दुखायचा. बाबा ट्रकवर, बाहेरगावी. म्हणून त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा, आम्हाला हुडकेश्वरहून त्या तपासणीला घेऊन गेले आणि काचेच्या दारापलीकडे बसले. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, आईचं डोकं कधी उघडं नसतं. दवाखान्याच्या झग्यावरूनही तिने पदर घेतला. एका हाताने तो धरून, दुसऱ्याने पट्ट्याच्या दांडीवर सगळा भार टाकून चालली. वेग वाढताच थांबली. तिथल्या माणसाने हटकलंही नाही. "निगेटिव्ह आहे, न्या घरी."

"मशीनच सांगून राहिली, काही नाही म्हणून," मोठे बाबा घरी सगळ्यांसमोर हसले. "भांडे दिसले का दुखते हिले!"

आईने मग दुखणं सांगणंच सोडलं. एका सकाळी ती ओट्याशी घामाघूम होऊन खाली बसली. मी कोणालाही न विचारता तिला ऑटोत बसवलं आणि या दुसऱ्या दवाखान्यात आणलं.

पट्ट्यावरचा प्रकार मी सांगितला, तेव्हा डॉक्टर चिडले. "ठोके पुरेसे वाढलेच नाहीत, तर ती तपासणी अपुरी. तिला निगेटिव्ह म्हणायचंच नसतं. आणि नीट झाली तरी नळी आतून दिसत नाही. रक्त कमी पडल्याची खूण फक्त ईसीजीत शोधतात. ती कधीकधी उमटत नाही. बायकांमध्ये तर ही तपासणी जास्त फसते."

तुमच्या घरी कोणाचं असंच दुखत असेल, तर मी एवढंच म्हणेन: ठोके पुरेसे वाढले का, ते विचारा. त्रास राहिला तर पुन्हा जा. सोबत कोण येणार, तेही तुम्हीच ठरवा.

स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, बसली. डॉक्टरांचे मी आभार मानले. मोठ्या बाबांवरचा राग गेलेला नाही. तो जावा असं वाटतही नाही.

सिस्टर आईला वॉर्डात पहिल्यांदा चालवत होत्या, तेव्हा मोठे बाबा दारात आले. आईचा हात डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. ती त्यांच्याशी कधीच थेट बोलत नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्याइले म्हन, बाहेर बसा. मले चालू द्या."

त्यांनी ऐकलं होतं. तरी मी मोठ्याने पुन्हा सांगितलं.