खुरानाजींच्या गल्ल्याची घंटी

हरिदासराव फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि आराम करायचा सोडून जुन्या गल्ला-मशीनांच्या नादी लागले. पितळेची, नक्षीदार, बटण दाबलं की टिंग करून खण बाहेर फेकणारी ती अवजड धुडं! दिल्ली कँटजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत पलंगाखालीसुद्धा स्प्रिंगाच. कांताबाई म्हणायच्या, "अहो, लोकांच्या घरी बरण्यांत लोणची असतात, आपल्याकडे शाईच्या रिबिनी!"

बरं, हे सामान सहज मिळतं म्हणता? छे! रिबीन मागवावी तर रीळ भलत्याच मापाचं. मग हरिदासराव ती जुन्या रिळावर हाताने गुंडाळत बसणार. कागदाचा रोल रुंद आला तर करवतीने कापणार. आणि पार्सल यायचं असलं की पोस्टमनसाठी दारात येरझाऱ्या. "माझ्या माहेरच्या पत्राची मीसुद्धा एवढी वाट नाही पाहिली," असा कांताबाईंचा शेरा.

यंदा पहाडगंजच्या मिठाईवाल्या खुरानाजींचं मशीन अडून बसलं. त्यांच्या सुनेने बजावलं, "दसऱ्याच्या सकाळी घंटी वाजली तर ठीक, नाहीतर हे कबाड्याला आणि दुकानात कंप्यूटर." खुरानाजींना कंप्यूटर कुठला येतोय! म्हणजे मशीनबरोबर म्हातारबाही गल्ल्यावरून उठणार. हरिदासरावांनी मशीन घरी आणलं, कोईमतूरहून स्प्रिंग मागवली, बसवली, खंडेनवमीला दुपारी घंटी खणखणीत वाजवून पाहिली आणि सकाळसाठी टेंपो ठरवायला गेले.

दसऱ्याला दुकानात जिलबीसाठी ही गर्दी! खुरानाजींनी हात जोडून बटण दाबलं. बटण जागचं हलेना.

"चलो जी, हमारी छुट्टी," म्हातारबा हसून म्हणाले, पण मशीनवरचा हात काही त्यांना उचलवेना. हरिदासराव वाकून बटणं चाचपू लागले. काल तर वाजत होतं, मग घोडं पेंड खातंय कुठे? त्यांनी घरी फोन लावला.

"कांता, काल मशीनला हात लावलास का?"

"मी कशाला लावू? फक्त पूजा केली. तुमच्या सगळ्या हत्यारांची करते तशीच. हळदकुंकू, झेंडू, अक्षता."

"अक्षता कुठे वाहिल्यास?"

"मशीनवर! नाहीतर काय पोस्टमनवर?"

हरिदासरावांनी कपाळाला हात लावला. त्यांनी आणि खुरानाजींनी मिळून मशीन आडवं केलं, गदागदा हलवलं. बटणांच्या फटीतून कुंकवाने माखलेले तांदूळ टपटप पडले. मशीन सरळ केलं, खुरानाजींनी डोळे मिटून पुन्हा बटण दाबलं.

टिंग! खण थेट त्यांच्या पोटावर आदळला.

हरिदासरावांचा जीव भांड्यात पडला. ओशाळून त्यांनी सगळा प्रकार सांगितला, तर खुरानाजी खो खो हसत सुटले. त्यांनी ते तांदूळ वेचून रिकाम्या खणात टाकले. "आज की बोहनी तो भाभीजी ने कर दी!"

आणि हरिदासरावांना जिलबी आणून द्यायला म्हणून ते गल्ल्यावरून उठतात न उठतात, तोच कढईपाशी उभ्या सुनेची हाक आली, "पिताजी, उठना मत! लाइन बाहर तक लगी है!"