चार हजार एक फरश्या

देवाने समोर येऊन "माग" म्हटलं, तर हा मिस्त्री आधी देवाचं ओळखपत्र मागेल. फरशी बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि संशय घेण्यात तर अजिबातच नव्हता. दुकानदाराने मोजून दिलेल्या पेट्या तो पुन्हा मोजायचा आणि वर बायकोकडून मोजून घ्यायचा.

शिडीवरून पडून त्याचा पाय मोडला, तेव्हा एका मोठ्या हॉलचं काम धाकट्या भावाकडे गेलं. धाकट्याचं ते पहिलंच स्वतंत्र काम. मिस्त्रीने हॉल पाहिलेला नव्हता. ठाऊक होतं ते इतकंच, की हॉल आयताकृती आहे, मधे खांब नाही, आणि एकही फरशी कापावी लागू नये असं भिंतींचं माप आहे.

दुपारी धाकट्याचा फोन आला. "दादा, काम झालंच म्हण. चार हजार एक बसल्या. उद्या रिक्षा पाठवतो, बघायला ये."

मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली. आयताकृती हॉल म्हणजे ओळी गुणिले एका ओळीतल्या फरश्या. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पायाच्या प्लास्टरवरच भागाकार मांडले. दोनने जाईना, तीनने जाईना, सात, अकरा, तेरा, कशानेच जाईना. त्रेसष्टपाशी तो थांबला. चौसष्ट ओळींत चौसष्ट फरश्या धरल्या तर चार हजार शहाण्णव होतात. म्हणजे जोडीतला लहान आकडा त्याच्या आतच सापडायला हवा होता. सापडला नाही. चार हजार एक ही मूळ संख्या निघाली. एवढ्या फरश्यांची एकेरी लांबलचक पट्टी होईल, हॉल होणार नाही.

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो बायकोला म्हणाला. "याने फरश्या कापल्यात, नाहीतर विकल्यात."

"अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा. त्याला विचारा तरी."

"चोराला विचारून चोरी कळते होय?"

त्याने थेट हॉलच्या मालकाला फोन लावला आणि धाकट्याला पुढचं काम देऊ नका, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी तो कुबड्या टेकत हॉलमध्ये शिरला. फरशी आरशासारखी चमकत होती. सवयीने त्याने आधी ओळी मोजल्या. अठ्ठावन्न. एका ओळीत एकोणसत्तर. कापलेली एकही नाही.

"म्हणजे चार हजार दोन," तो पुटपुटला.

दाराजवळ एक चौकोन रिकामा होता. त्यात सिमेंटचा ओला माल पसरून धाकटा शेजारी उभा होता, हातात एक फरशी घेऊन.

"शेवटची तू बसवावीस म्हणून ठेवली होती," तो म्हणाला. "पहिलं काम ना माझं."

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अरे, मला वाटलं..."

"काल मालकांचा फोन आला होता, दादा." धाकट्याने फरशी त्याच्या हातात दिली. "बसव तू. मी बाहेर थांबतो."

मिस्त्री मोडका पाय लांब करून कसाबसा खाली बसला. फरशीचं दुसरं टोक धरायला तिथे कोणी नव्हतं.