रूट करून देतेस का, पोरी?

किस्से जमवावे लागत नाहीत. मासळी विकून घरी आलं, आंघोळ केली, पातळ बदललं, तरी जेवताना कोपरावर एक खवलं चमकतंच. कधी चिकटलं ते कळत नाही. नातीच्या मोबाइल रिपेअरच्या दुकानात बसून मला तशीच खवलं चिकटली आहेत.

माझा सगळा जन्म उरणजवळच्या करंजाला मासळी विकण्यात गेला. नवरा गेल्यावर लेकीकडे नवीन पनवेलला आले. फ्लॅटमध्ये करमेना. मग माझ्या नातीने, कविताने, दोन गल्ल्या पलीकडच्या तिच्या दुकानात माझ्यासाठी एक स्टूल टाकलं. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. आता मी बोलते, फोन लिहितो, आणि कविता नंतर फोनचे कान उपटते.

या दुकानात काच फुटलेले येतात, पाण्यात पडलेले येतात. पण आत येऊन इकडे तिकडे बघत, आवाज बारीक करून विचारायचा प्रश्न एकच: "रूट करून देता का?"

* * *

पहिल्यांदा हा शब्द ऐकला तो एका कॉलेजच्या मुलीच्या तोंडून. "ताई, रूट म्हणजे नक्की काय? केलं तर काय होतं?"

कविता म्हणाली, "बघ, फोन तू विकत घेतलास. पण त्यातल्या एका खोलीची किल्ली कंपनीने स्वतःकडेच ठेवलीय. रूट करणं म्हणजे ती किल्ली आपल्या हातात घेणं. मग कंपनीने घातलेले फालतू अॅप काढता येतात, जुना फोन थोडा हलका पळतो, आपल्याला हवं ते आत घालता येतं."

मला लगेच कळलं. मी म्हटलं, "म्हणजे सासूकडून कोठीची किल्ली घ्यायची!"

"अगदी तसंच, आजी."

मुलगी खूश! पर्समधून फोन बाहेरच काढला. मी तिचा हात धरला. "थांब गो बाय. मी घेतली होती सासूकडून किल्ली. पहिल्या दिवशी लय बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सासू म्हणाली, आता कोठीतले उंदीरपन तुजेच!"

मुलीने फोन परत पर्समध्ये टाकला. कविता मला म्हणाली, "आजी, तू बसलीस की माझं गिऱ्हाईक उठतं."

* * *

कुलकर्णीसाहेब आमचे रोजचे. मुंबईच्या हापिसात जन्म घालवून रिटायर झाले, आता रोज चारला दुकानात येऊन बसतात. मुलगा परदेशात. घरी बोलायला टीव्ही. रूटबद्दल त्यांनी इतकं वाचलंय की कविताच कधीकधी त्यांना विचारते. पण स्वतःचा फोन काही रूट करवत नाहीत. तीन वर्षं झाली, विचार चालू आहे!

एकदा अगदी मनाची तयारी करून आले. फोन काउंटरवर ठेवला. "करून टाक. बास झालं."

कविता म्हणाली, "काका, नियमाने सांगते. एक, तुमचा डेटा जाईल, आधी कॉपी काढू. दोन, मध्येच काही बिघडलं तर फोन दगड होऊ शकतो. तीन, वॉरंटी जाऊ शकते."

साहेबांनी फोनवरून हात उचलला नाही. "वॉरंटी जाते?"

"काका, तुमची वॉरंटी संपून सहा वर्षं झाली!"

"हो, ते माहितेय." चष्मा पुसत म्हणाले, "पण कोणी 'जाईल' म्हटलं ना, की उगाच वाईट वाटतं."

फोन खिशात घातला आणि चहा प्यायले.

* * *

सलीमभाई रिक्षावाले. त्यांनी कुठेतरी दुसरीकडे फोन रूट करून घेतला आणि दोन दिवसांनी घाम पुसत आले. "कविता बेटी, बँकेचा अॅप उघडत नाही! पॅसेंजर पैसे पाठवतो, मला कळत नाही आले का नाही. लोकांच्या तोंडाकडे बघून अंदाज लावतोय!"

कविताने समजावलं, "सलीमचाचा, बँकेला दिसतं की किल्ली कंपनीकडून निघून तुमच्याकडे आलीय. मग ती म्हणते, उद्या ही किल्ली कोणा चोराच्या हातात गेली तर? म्हणून ती दारच उघडत नाही."

"या अल्ला! घर माझं, किल्ली माझी, आणि चोर पण मीच?"

"तुम्ही नाही हो. तुमच्या मागोमाग कोण शिरेल ते सांगता येत नाही ना."

सलीमभाईंनी फोन काउंटरवर ठेवला. मग दोन्ही हात जोडले. "बेटी, आझादी बघून झाली. आता मला परत गुलाम करून दे. गुलामीत निदान धंदा तरी होता!"

* * *

एकदा मीच विचारलं. दुकानात कोणी नव्हतं. "कविता, रूट केल्यावर पुसलेलं परत येतं काय गो?"

"काय पुसलंय तू?"

"असंच इचारते."

तिला माहीत होतं. पुसलं तिनेच होतं, माझ्या सांगण्यावरून, शाळेत असताना. माझ्या भावाचा नंबर.

धर्मा माझा धाकटा भाऊ, करंजाचा तांडेल. म्हणजे बोटीचा कप्तान म्हणा. माझा नवरा गेला तेव्हा हा खोल दर्यात. निरोप पोचला, पण बोट वळवली नाही. आठव्या दिवशी आला, अंगाला खाऱ्या पाण्याचा वास घेऊन. मी दारातच म्हटलं, "आता आलास? मी जिथं असेन तिथल्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको." मला वाटलं, तो भांडेल, रडेल, आत घुसेल. तो फिरला आणि गेला. तांडेलाची जात! एकदा ऐकलं की ऐकलं.

आठ वर्षं झाली. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. मी भाऊ असून चंद्राला ओवाळते.

कविता म्हणाली, "आजी, इतक्या जुन्या फोनमधलं आता नाही येणार परत. रूट करून पण नाही. पण तुला तो नंबर पाठ असेल ना?"

पाठ? झोपेतून उठवलं तरी म्हणेन. मला नंबर नकोच होता. त्या नंबराला त्याचा फोटो लावलेला होता, घोळ मासा खांद्यावर घेतलेला. फोन आला की तोच पडद्यावर हसायचा.

"मग काय उपेग तुज्या रूटचा!" असं म्हणून मी विषय मिटवला.

* * *

गेल्या पावसाळ्यात, बोटी बंद होत्या तेव्हा, एक म्हातारा दुकानासमोर रस्त्यापलीकडे उभा. अर्धा तास उभा. मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेला फोन घेऊन आत आला. माझ्याकडे बघितलं नाही. मी पण भिंतीवर टांगलेल्या कव्हरांच्या माळा बघायला लागले.

"पोरी," कविताला म्हणाला, "फोन रूट करून देतेस का?"

धर्मा! केस पांढरे झालेले, आवाज तोच.

फोनची बॅटरी केंड माशासारखी टम्म फुगलेली. कविताने आधी ती काढून बाजूला ठेवली, दुसरी घातली, तेव्हा फोन उघडला. "काय काम आहे, आजोबा?"

काम असं, की या फोनमध्ये दर्यातल्या जागा होत्या. कुठे मासळी लागते, कुठे पाण्याखाली खडप आहे, म्हणजे जाळं फाडणारा खडक. आमच्या बापाने दाखवलेल्या आणि याने स्वतः शोधलेल्या. प्रत्येक जागेवर बोट उभी करून याने फोनमध्ये खूण केलेली. यंदापासून बोट जावई नेणार, आणि जावयाच्या फोनात हे जुनं अॅप चालेना. बंदरावर कोणीतरी सांगितलं, रूट कर, आतलं सगळं बाहेर येतं.

कविता म्हणाली, "बरं झालं इथे आलात. रूट करायच्या आधी कंपनीचं लॉक उघडावं लागतं. ते उघडलं की फोन आतलं सगळं पुसून टाकतो."

"सगलं?"

"सगळं. एक जागा राहिली नसती."

धर्माने फोन पटकन स्वतःकडे ओढला. चाळीस वर्षांचा दर्या एका बोटाने पुसला गेला असता. थोड्या वेळाने कविताला म्हणाला, "तिला इचार, पानी मिलंल का?"

मी कविताला म्हटलं, "त्याला सांग, हे दुकान हाय, उंबरा नाय. पानी पी."

कविताने विचारलं, "आजोबा, उरणला एवढी रिपेअरची दुकानं, इतक्या लांब का आलात?"

"तिकडं लय गर्दी असते," धर्मा म्हणाला.

आमच्या दुकानात तेव्हा सात माणसं उभी होती!

* * *

कविताने तोडगा काढला. रोज दुपारी धर्माने यायचं, फोनमधली एकेक जागा उघडून नाव आणि आकडे वाचायचे, कुलकर्णीसाहेबांनी वहीत लिहायचे. साहेब तर काय, नव्या नोकरीवर लागल्यासारखे! दोन पेनं घेऊन हजर.

तिसऱ्या दिवशी धर्माने वाचलं, "आंधली खडप."

"आंधळी का हो?" साहेबांनी विचारलं.

धर्मा अडला. मी कविताला म्हटलं, "त्याला सांग, ओहोटीलापन वर दिसत नाय म्हणून आंधली. डोंगराचं टोक आनि देवलाचा कलस एका रेषेत आले, की जालं उचलायचं."

धर्मा गर्रकन वळला. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "तुला कसं म्हायती? बाबा मला शिकवत व्हता!"

"तुला शिकवत व्हता, पाठ मला व्हत व्हतं! मी चुलीपाशी भाकऱ्या थापत ऐकत व्हते."

"सगल्या जागा?"

"सगल्या."

त्याने फोन खाली ठेवला. "मंग बाय, बोट तूच चालवायला पायजे व्हतीस."

"बसू कोन देनार व्हतं मला बोटीवर?"

कुलकर्णीसाहेबांनी वहीत मान घातली आणि तोच आकडा दुसऱ्यांदा लिहिला. ज्या जागांची नावं मला पाठ होती, त्यातली एकही मी डोळ्यांनी बघितलेली नाही.

* * *

सहाव्या दिवशी घोटाळा झाला. धर्मा अजून यायचा होता. साहेब दुकानातच ठेवलेल्या त्याच्या फोनशी चाळा करत बसले आणि एकदम ओरडले, "कविता! अगं, या अॅपमध्ये वरती तीन टिंबं आहेत. ती दाबली की एक्सपोर्ट आहे! सगळ्या जागांची एक फाइल! दहा मिनिटांचं काम, आणि आपण सहा दिवस..."

"काका, चहा घ्या," कविता म्हणाली.

"नाही, पण रूट नको, वही नको, नुसती तीन टिंबं..."

"काका! चहा!"

साहेब थांबले. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी स्टुलावर डोळे मिटून झोपले होते. अगदी गाढ.

तेवढ्यात धर्मा आला, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. काउंटरवर ठेवत कविताला म्हणाला, "तुज्या आजीला दे. तिला लसनात आवडतात."

साहेबांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "हां तांडेल, सांगा. पण जरा सावकाश हं. आज माझा हात दुखतोय."

* * *

शेवटच्या दिवशी जावयाचा नवा फोन आला. वहीतलं बरोबर आहे का बघायला म्हणून कविताने अखेर ती फाइल काढली आणि नव्या फोनात घातली. पडद्यावर निळा दर्या आणि त्यावर ठिपकेच ठिपके, मूठभर तांदूळ फेकल्यासारखे. धर्मा फोनवर वाकला. मी पण. चुलीपाशी ऐकलेला दर्या मी पहिल्यांदा बघत होते.

कुलकर्णीसाहेब मात्र बेचैन. "तांडेल, माझ्या वहीत एकशे सतरा जागा आहेत. फोन एकशे अठरा दाखवतोय. तुम्ही एक वाचली नाहीत."

"ऱ्हायली असंल," धर्मा म्हणाला आणि फोन घ्यायला हात पुढे केला.

पण कविता सोडते होय! तिने एकेक ठिपका बघितला, नकाशा सरकवत सरकवत किनाऱ्यावर आली. "हा बघा! हा तर जमिनीवर पडलाय. चुकून लागला असेल, आजोबा." दोन बोटांनी मोठा केला. ती नावं वाचत गेली, उरण मागे गेलं, जासई मागे गेली, पनवेल आलं, आमच्या सेक्टरचा रस्ता आला. आमच्या बिल्डिंगचं गेट आलं. ठिपका गेटाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला.

कविताचं बोट तिथंच थांबलं. मग हळूच म्हणाली, "पुसू का हा?"

"नको."

"इथे कुठली मासळी लागते, आजोबा?"

धर्माने जुना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वरून रबर चढवलं, दोनदा पीळ दिला.

"अजून लागली नाय," म्हणाला. "पन जागा चांगली हाय."