शुभदाने शिकवलेला प्रामाणिकपणा

बातमी आली ती बडोद्याजवळच्या छाणीहून. कोकिलाबेनचा फोन मला सहसा येत नसे, त्या शुभदाशीच बोलायच्या. त्या दुपारी मात्र त्यांचा घाबरलेला आवाज आला, "बेन, शुभदाबेनने कंईक थई गयुं छे, जल्दी आवो." शुभदाला काहीतरी झालंय एवढं कळलं आणि मी दांडिया बाजारातून रिक्षा करून निघाले. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा ती गेलेली होती. छातीत कळ आली म्हणाली आणि कोकिलाबेनच्या खांद्यावर मान टाकली, एवढंच. माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि तिचा शेवट झाला तो छाणीतल्या एका ओट्यावर, जिचा मुलगा परदेशातल्या तुरुंगात आहे अशा बाईच्या शेजारी. नातेवाइकांना याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं. गेली काही वर्षं तिचं मन तिथेच राहत होतं.

आम्ही दोघी एकाच गल्लीत वाढलो. तिचे आजोबा संस्थानी नोकरीत, वडील शिक्षक. घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की गुजराती, असं आमचं बडोद्याचं बालपण. पुढे मी शाळेत शिकवायला लागले आणि ती विजेचे ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. माणसांची भरती, रजा, तक्रारी असं तिचं काम. पण शिकवण्याची हौस खरं तर तिलाच जास्त होती, आणि ती अचानक पुरी झाली. कंपनीला परदेशातल्या ऑर्डरी मिळू लागल्या तशी तिकडच्या गिऱ्हाइकांनी अट घातली, की प्रत्येक कर्मचाऱ्याला दरवर्षी नीतिमत्तेचं प्रशिक्षण द्यायचं. लाच द्यायची नाही, घ्यायची नाही, कुठे दिसली तर कळवायचं. हे काम शुभदाकडे आलं. दुसऱ्या कुणी चार पानं वाचून दाखवली असती आणि सह्या घेतल्या असत्या. हिने त्याचा वर्ग केला. माझ्या स्वयंपाकघरात येऊन तालीम करायची.

"तू बंदरावरची साहेबीण हो. माग माझ्याकडे काहीतरी."

"काय मागू?"

"अगं, सरळ नाही मागायचं. माल अडकलाय म्हण आणि गप्प बस. मागणारे गप्पच बसतात."

मी गप्प बसायचे, ती हसत सुटायची. वर्गातही ती असंच नाटक करून घ्यायची, अर्धं गुजरातीत, आणि फॅक्टरीतली मोठमोठी माणसं शाळकरी पोरांसारखी रंगून जायची. हार्दिक त्यांतलाच. छाणीचा, वडील लवकर गेलेले, नुकता इंजिनिअर झालेला. सगळे हसत असताना त्याने एकदा विचारलं, "मॅडम, मी नाही म्हटलं आणि ऑर्डर हातची गेली, तर माझ्यामागे कोण उभं राहील?"

"कंपनी," शुभदा म्हणाली. संध्याकाळी मला हे सांगताना तिचा चेहरा काय फुलला होता! असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं, म्हणाली... तिचा त्या उत्तरावर पुरता विश्वास होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर लोकांनी तिला ढोंगी म्हटलं.

हार्दिकला कंपनीने पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात पाठवलं. तिथे ट्रान्सफॉर्मर बंदरात अडकले. तपासणी करणारा अधिकारी सही करेना, आणि स्थानिक एजंट म्हणत होता, थोडं कमिशन वाढवा, बाकी मी बघतो. हार्दिकने शुभदाला फोन केला. तिने शिकवलं होतं तेच सांगितलं. देऊ नकोस, लेखी कळव. त्याने कळवलं. त्यासाठीच कंपनीने एक खास हेल्पलाइन ठेवली होती. उत्तर आलं, एजंटच्या सल्ल्याने पुढे जावे.

शुभदा तडक अलकापुरीतल्या ऑफिसात डायरेक्टरांकडे गेली. त्यांनी तिला आदराने बसवलं, चहा मागवला. "शुभदाबेन, तिकडची दुनिया वेगळी आहे. आणि आपण कुठे काय देतोय? आपण एजंटला कमिशन देतो. तो त्याचं काय करतो हे आपल्याला माहीत नाही."

"मग मी वर्गात काय शिकवू?"

"जे शिकवता तेच. बहु सरस शीखवो छो."

हार्दिकला फोनवर सांगण्यात आलं, वाढीव कमिशनवर सही कर. त्याने केली. माल सुटला. त्या वर्षीच्या समारंभात त्याचा सत्कारसुद्धा झाला. शुभदा त्या दिवशी समारंभ अर्ध्यावर सोडून माझ्याकडे आली. तरी तिने वर्ग सोडला नाही. आपण आत राहिलो तर कधीतरी बदलेल, असं तिला वाटत होतं.

मग त्या देशात सरकार बदललं. जुन्या खरेदीची चौकशी लागली, एजंट पळून गेला, आणि परत येण्यासाठी विमानतळावर पोहोचलेल्या हार्दिकला पोलिसांनी पकडलं. कंपनीने सांगितलं, हे त्याचं वैयक्तिक कृत्य आहे. पुरावा काय? त्याने दरवर्षी प्रशिक्षण घेतलं होतं. परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क होते. प्रमाणपत्रावर शुभदाची सही होती. या माणसाला सगळं ठाऊक होतं, आम्हीच तर शिकवलं होतं...

कंपनीचे वकील शुभदाचा जबाब घ्यायला आले. ती म्हणाली, "हो, मी शिकवलं. आणि त्याने विचारलंही होतं. त्याला पुढे जा म्हणून कंपनीने सांगितलं."

"बेन, शिकवलं होतं की नाही, एवढंच विचारलंय."

जबाबात तेवढंच राहिलं. हेल्पलाइनवरची तक्रार कुठे सापडली नाही. तिने राजीनामा दिला, वकिलातीला लिहिलं, तिकडच्या कोर्टाला लिहिलं, दिल्लीला जाऊन आली. कुठूनही काही हललं नाही. हार्दिकला शिक्षा झाली. डायरेक्टर आहेत तिथे आहेत.

त्या दिवसांत ती एकदा मला म्हणाली, "माझा वर्ग त्या मुलांसाठी नव्हताच गं. उद्या कुणी सापडला, तर त्याच्याकडे बोट दाखवता यावं, म्हणून होता. मला वाटायचं, मी त्यांना वाचवते आहे. मी त्यांच्या विरुद्धचा पुरावा तयार करत होते... हसवून हसवून." मी तिची समजूत घालायला गेले. ती म्हणाली, "राहू दे. तुला काही सुचणार नाही, मलाही सुचलं नाही."

छाणीला हार्दिकच्या घरी ती पहिल्यांदा गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. शिव्या खायची तयारी करून गेली होती. कोकिलाबेननी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं. "तमे ज शुभदाबेन? हार्दिक तमारी बहु वात करतो." तो तिच्याबद्दल किती बोलायचा ते सांगत त्या आत जाऊन पाणी घेऊन आल्या. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं, शुभदा परतताना म्हणाली.

त्यानंतर ती जातच राहिली. हार्दिकला अधूनमधून फोन करू देत, तेव्हा ती तिथे असायचीच. त्याचा आवाज दर वेळी थोडा बारीक झालेला असे. एकदा मीही होते. आईशी बोलून झाल्यावर त्याने तिला विचारलं, "मॅडम, मी तेव्हा काय करायला पाहिजे होतं?" रागाने नाही, अगदी वर्गात विचारावं तसं. शुभदाने फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग वेळ संपली आणि फोन कापला गेला.

ती गेल्याचं कोकिलाबेननी त्याला अजून सांगितलेलं नाही. मॅडम का बोलत नाहीत, असं तो विचारतो. त्या सांगतात, ताप आहे. मला विचारतात, किती दिवस ताप सांगू?

मागच्या आठवड्यात माझ्या बहिणीचा मुलगा निनाद जेवायला आला होता. त्याला त्याच कंपनीत नोकरी लागली आहे. जेवण्याआधी लॅपटॉप उघडून बसला आणि ओरडला, "मावशी, ही तुझी मैत्रीण ना?" बघते तर पडद्यावर शुभदा. मोतिया रंगाची साडी, केस नीट बसवलेले, हात हलवत बोलतेय. प्रशिक्षण आता घरबसल्या असतं. कधीतरी तिचा वर्ग चित्रित करून ठेवलेला, तोच आता नव्यांना दाखवतात. मी खुर्ची ओढून बसले.

"हे पुढे ढकलता येत नाही, मावशी. पूर्ण झाल्याशिवाय सर्टिफिकेट निघत नाही," असं म्हणून निनाद हात धुवायला गेला. मी एकटीच बघत होते. ती बोलायची थांबली, भुवया उंचावून समोर पाहू लागली. "काही शंका?" तिने विचारलं, आणि कुणीतरी हात वर करेल म्हणून हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत राहिली.